कूलरमागची आग्नेय दिशा

आमच्या घरातील कूलर लोखंडी पत्र्याचा आहे. जिंतूरमधल्याच एका वेल्डिंगच्या दुकानात तो बनवून घेतला होता आणि तेव्हापासून घरातील सर्वांत मोठा आवाज त्याचाच राहिला आहे. या बाबतीत माझ्याकडून त्याला कधीही स्पर्धा झालेली नाही. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवीत असे. नागरिकांचे मूलभूत हक्क, त्यातही अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, हा माझा आवडता पाठ होता, आणि तो मी इतक्या हळू आवाजात शिकवी की मागच्या बाकांवरील विद्यार्थ्यांपर्यंत त्या स्वातंत्र्याची वार्ता परीक्षेआधी क्वचितच पोहोचे. लिहिण्याकडे मी निवृत्तीनंतर, फार उशिरा वळलो. कागदाला मागचा बाक नसतो, एवढीच त्यामागची प्रेरणा असावी.

होळी झाली की कूलर जिन्याखालून बाहेर काढायचा, हिवाळाभर त्याच्या पोटात कोंबलेल्या सतरंज्या आणि रिकामे डबे उपसायचे, बोअरच्या पाण्याने टाकीच्या तळाशी साचवलेला क्षारांचा पांढरा थर खरवडायचा, बाजूच्या गवताच्या ताट्या बदलायच्या आणि गंजल्या जागी रंगाचा हात फिरवायचा, ही कामे मी दरवर्षी निमूटपणे करतो. यंदा त्या कामांना एक गांभीर्य आले होते, कारण यंदा कूलर आईच्या खोलीत बसणार होता.

आई माझ्याकडे राहायला आली ती खुब्याचे हाड मोडून. तोवर ती वालूरला थोरल्या भावाकडे असे. शेत त्याच्याकडे, गाय त्याच्याकडे आणि आईही त्याच्याकडे, अशी आमची वाटणी कोणी न बोलता झालेली होती. अंगणात तिचा पाय घसरला, परभणीला शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी यापुढे उकिडवे बसायचे नाही असे बजावले. भावाच्या घरी कमोड नव्हता. माझ्या घरी एका खोलीला लागून तो होता. धाकटा मुलगा म्हणून जे भाग्य मला आयुष्यभर लाभले नव्हते ते असे एका स्वच्छतागृहामुळे लाभले. आईने आता माझ्याकडेच राहावे असे मला मनापासून वाटत होते. अर्थात, तसे मी तिला बोललो नव्हतो.

भाऊ स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हता. त्याने वालूरला बांधकाम काढले आणि दर दोन-चार दिवसांनी फोनवरून त्याची प्रगती तो मला कळवू लागला.

“फरशी आली बघ. कमोड पण सेलूहून आणलाय, पांढराशिप्पट. लिंबाखाली बाज तर हायच. तुझ्या त्या खोलीत मायला गुदमरल्यावानी व्हत असंल.”

“तशी हवा येते, अण्णा,” मी म्हणालो.

“कुठून येती? एक तर खिडकी हाय तुझ्या खोलीला.”

हे खरे होते. त्या खोलीला एकच खिडकी होती, पश्चिमेची, आणि त्या खिडकीतच कूलर बसला होता. आईने दोघांचेही ऐकून घेतले आणि पलंगावरूनच निवाडा दिला. “धोंड्याचा महिना सरूस्तवर ऱ्हाते मी हितं. मंग जिथं जिवाला गार वाटंल तिथं ऱ्हाईन.”

अधिक महिना यंदा ऐन उन्हाळ्यात आला होता. निकष जाहीर झाला होता. एका बाजूला वालूरचा लिंब आणि दुसऱ्या बाजूला माझा कूलर. मी कूलरच्या ताट्या दुसऱ्यांदा बदलल्या.

प्रारंभीचे दिवस माझ्या बाजूने गेले. कूलरचा झोत थेट पलंगावर येई, गवताचा ओला वास खोलीभर पसरे, आणि आई तोंडावर पदर घेऊन दुपारभर झोपे. एकदा तर तिने पायावर चादर मागितली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन पत्नीला ही बातमी दिली, तेव्हा ती म्हणाली, “अहो, चादरच मागितली ना, पद्मश्री नाही.” तिला राजकारणाची जाण कमी आहे.

मग शेजारच्यांनी एसी घेतला.

आमच्या पश्चिमेला राहणारे गृहस्थ बी-बियाणे आणि खतांचे दुकान चालवतात. माणूस दिलदार, बोलका, दुसऱ्याच्या अडचणीला धावून जाणारा. आईला परभणीला नेले ते त्यांच्याच गाडीतून. अधिक महिन्यात त्यांचे जावई पुण्याहून धोंड्याच्या जेवणाला येणार होते आणि जावयांना कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिलेली असल्यामुळे एका जेवणावर भागणार नव्हते. पुण्याचे जावई जिंतूरच्या मे महिन्यात टिकावेत म्हणून बैठकीत एसी बसवण्याचे ठरले.

एसी बसवायला आलेल्या कारागिराने बाहेरचे यंत्र दर्शनी भागात, पोर्चवर ठेवायचे म्हटले होते. नळी तेथून जवळ पडत होती. परंतु शेजाऱ्यांनी घर बांधताना ज्या वास्तुतज्ज्ञांचा सल्ला घेतला होता त्यांना परभणीहून पुन्हा पाचारण केले होते. तज्ज्ञांनी मोबाइलवरील होकायंत्र चारही भिंतींना लावून पाहिले आणि एसीच्या बाहेरच्या यंत्रापुढे हात धरला.

“ही उष्णता म्हणजे अग्नितत्त्व,” ते म्हणाले. “हिची जागा आग्नेयेला. पोर्चवर ठेवाल तर लक्ष्मी तापून बाहेर पडंल.”

शेजाऱ्यांच्या घराची आग्नेय म्हणजे त्यांचा पूर्वेच्या भिंतीचा दक्षिणेकडील कोपरा. त्या कोपऱ्यासमोर एक अरुंद बोळ आणि बोळापलीकडे, हात लांबवला तर लागेल अशा अंतरावर, आईच्या खोलीची खिडकी. कूलर ज्या बाजूने हवा आत ओढतो ती त्याची पाठ नेमकी त्या कोपऱ्याकडे होती.

सुशिक्षित शेजारी म्हणून मलाही त्या प्रसंगी बोलावण्यात आले होते. “सर, तुम्हाला काय वाटतंय?” त्यांनी आदराने विचारले. हा प्रश्न मला आयुष्यात फारच थोड्यांनी विचारला आहे. मी बोळाकडे पाहिले, कूलरकडे पाहिले, पुढचे सारे संकट मला स्वच्छ दिसले आणि मी म्हणालो, “शास्त्र आहे म्हटल्यावर आपण काय बोलणार?”

“बघा, सरांचं पण तेच मत हाय,” शेजारी कारागिराला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र सुरू झाले. घरातील थंडी जितकी वाढेल तितकी गरम हवा ते बोळात फेकू लागले, आणि माझा कूलर ती सगळी प्रामाणिकपणे गोळा करून, थोडीशी ओली करून, आईच्या अंगावर सोडू लागला.

“आरं, ह्यो कूलर हाय का चूल हाय?” आई म्हणाली.

“ऊन वाढले आहे,” मी म्हणालो.

“ऊन सकाळी नव्हतं का? सकाळी तर गार हवा यायलती.”

मला त्यांच्याकडे जाऊन एक वाक्य बोलायचे होते. ‘आपल्या एसीची गरम हवा आमच्या कूलरमध्ये येते.’ कर्ता, कर्म, क्रियापद सारे जागेवर होते. मी ते न्हाणीघरात पुष्कळदा म्हणून पाहिले. पण ज्यांच्या गाडीत आईला नेले, ज्यांना मी स्वतःच शास्त्राचा दाखला दिला, ज्यांच्या घरी जावई आलेले आहेत, त्यांच्या दारात उभे राहिल्यावर त्या वाक्याचे रूपांतर “काय, आज दुकान लवकर बंद?” असे होई. पत्नी म्हणाली, “मी सांगते.” मी तिला अडवले. अधिक महिन्यात जावयासमोर शेजाऱ्याला खाली पाहावे लागेल हे तिला पटवले. म्हणजे मला वाटले, पटवले. तिने माझा नादच सोडून दिला होता.

बोलणे अशक्य ठरल्यावर सुधारणा हा एकच मार्ग उरला. मी कूलरच्या मिस्त्रीला बोलावले. तो कूलरभोवती फिरला, त्याने पाठीमागे हात नेला आणि चटकन काढून घेतला.

“सर, कूलरला मागून मोकळी हवा पायजे. ही तर भट्टीची हवा हाय. त्यांना बोला की.”

“बघू,” मी म्हणालो. “तोवर दुसरे काही करता येईल का?”

मग त्याच्या चेहऱ्यावर व्यवसायाचे समाधान पसरले. “बोलायचं नसंल तर जाळी बदला.”

अशा रीतीने माझ्या मौनाचा एकेक भाग बाजारातून येऊ लागला. गवताच्या ताट्या गेल्या आणि मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी आली. जुनी पाण्याची मोटर गेली आणि दुप्पट पाणी फेकणारी आली. पंख्याची पाती बदलली. पत्र्याला बाहेरून पांढरा रंग दिला, कारण पांढरा रंग उष्णता परतवतो, हे मी शाळेत शिकलो होतो. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून टाकीत सोडली. ती लादी आमच्या डोळ्यांदेखत विरघळली आणि आईने विचारले, “त्यापरीस लिंबाचं सरबत केलं असतं तर?” मिस्त्री मला आता रस्त्यात लांबूनच नमस्कार करू लागला होता.

आम्हीही एसी घ्यावा असे एकदा पत्नीने सुचवले. मी आईला विचारले. खोलीची दारे-खिडक्या घट्ट बंद ठेवावी लागतील हे ऐकताच ती म्हणाली, “दार-खिडकी लावून मला आताच पुरायलाय का? हाडच मोडलंय माझं, बाकी मी जित्ती हाय.” तो विषय तेथेच संपला.

शेजारी अधूनमधून कुंपणावरून चौकशी करीत. “सर, मोटर बदलली वाटतं? चांगलं केलं. वस्तू मेंटेन पायजे.” एकदा तर त्यांनी कोठून तरी खऱ्या वाळ्याची ताटी आणून दिली. “मावशीला द्या. ह्याच्यावर पाणी मारलं की कसा सुगंध येतो बघा.” मी ती बसवली. त्या दुपारी आईला गरम वाळ्याचा सुगंध आला.

रात्री बाहेरचाच उकाडा उतरत असल्यामुळे कूलर कसाबसा तग धरी. प्रश्न दुपारचा होता. दुपारी आई कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करी आणि मला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटे, “वालूरला आता लिंबाखाली सावली आली असंल.” भावाच्या कमोडवर झाकण बसल्याचे वर्तमान त्याच सुमारास आले.

पुढे जे घडले ते मी योजिले नव्हते. जावयांच्या धोंड्याच्या जेवणाला आम्हा पतिपत्नीलाही निमंत्रण होते. दुपारची वेळ, बैठक गच्च भरलेली, आणि आत अशी थंडी की ताटातील तूप थिजावे. जावई तांब्याच्या ताटात अनारसे आणि दिवा घेऊन बसले होते. शेजाऱ्यांनी मला बरोबर एसीखाली बसवले आणि केवळ माझ्या सन्मानार्थ रिमोटने आणखी दोन अंश थंडी वाढवली. भिंतीपलीकडे यंत्र जोरात फिरू लागल्याचे मला ऐकू आले. त्याच्यासमोर आई होती. पुरणाचा धोंडा माझ्या घशात अडकला आणि मला ठसका लागला.

“सर, थंडी बाधली का?” शेजाऱ्यांनी काळजीने विचारले.

मी बोललो ते केवळ शिष्टाचार म्हणून. “थोडी. सांधे धरतात.”

त्यांनी तत्क्षणी एसी बंद केला. जावयांनी मान वर केली. शेजाऱ्यांच्या पत्नीने कोणाला तरी पंखा लावायला सांगितले, पण पंख्याचीही हवा मला सोसणार नाही असे ठरून तोही बंद झाला. सगळी बैठक घामाघूम होऊन जेवू लागली आणि मी, एका सांध्याचीही तक्रार नसलेला मनुष्य, मध्यभागी पाहुण्यासारखा बसून राहिलो. भिंतीपलीकडचे यंत्र थांबले होते.

घरी आलो तेव्हा आई झोपलेली होती. पायावर चादर होती.

मला माझ्या आयुष्यातील पहिले धोरण सापडले होते. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, पानावरून उठल्याबरोबर, मी मफलर बांधून शेजारी गेलो. एक वाक्य बोलण्याचे धैर्य ज्याला झाले नव्हते त्याने भर उन्हाळ्यात, लोकांच्या झोपेच्या वेळी, बिनबोलावता जाऊन पार संध्याकाळपर्यंत बसण्याचे धैर्य दाखवले. हे कसे जमले याचा मला आजही उलगडा झालेला नाही. कदाचित तेथे काही बोलावे लागत नव्हते म्हणून. मी आत पाऊल टाकले की शेजारी उशीखालचा रिमोट काढत.

“बंद करतो आधी हे, सर आले.”

मी म्हणे, “असू द्या, असू द्या.” आणि मफलरची गाठ आवळी.

मग सुरू होई तो आदरातिथ्याचा छळ. शेजाऱ्यांची पत्नी माझ्या सांध्यांसाठी आले घातलेला कढत काढा आणी. तो त्या बंद खोलीत, गार झाला तर गुण जाईल म्हणून, कढतच प्यावा लागे. जावई लॅपटॉपवर काम करीत. त्यांच्या कपाळावरून घाम कळफलकावर ठिबके. कॅमेऱ्यातून त्यांच्या वरिष्ठांनी एकदा विचारले असावे, कारण ते हळूच म्हणाले, “नो सर, नॉट क्राइंग.” शेजारी स्वतः बनियन अंगाला चिकटलेल्या अवस्थेत मला सोयाबीनच्या नव्या वाणांविषयी सांगत आणि मधूनच विचारत, “सर, आता बरं वाटतंय ना?”

“तुमच्याकडे आले की बरे वाटते,” मी म्हणे. हे वाक्य मात्र पूर्ण खरे होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी जावयांनी तोंड उघडले. “सर, तुम्ही एखादा चांगला अस्थिरोग डॉक्टर का नाही बघत? पुण्यात माझ्या ओळखीचे आहेत. आजच जाऊ शकता.”

“जावईबापू,” शेजारी दटावून म्हणाले, “सर मोठे माणूस हायत. आपल्या घरी येऊन बसायलेत, हे काय कमी हाय?”

इकडे आई सुखात होती. मी संध्याकाळी ओलाचिंब परत येई तेव्हा ती ताजीतवानी होऊन पत्नीबरोबर शेंगा सोलत बसलेली असे. “दुपारचं आता लय गार वाटतंय,” ती म्हणे. “पर तू कुठं जातूस रं? आन् पाण्यात पडल्यावानी घामेजून येतूस.”

“फिरायला,” मी सांगे.

“दुपारी? उन्हात?”

“सवय केलेली बरी.”

तिने पत्नीकडे पाहिले. पत्नीने शेंगांकडे पाहिले.

आठवडाभरात व्हायचे तेच झाले. मला ऊन लागले. उन्हात न जाता लागले, हे विशेष. डोके भणभणू लागले, अंग तापले, उलटी झाली. डॉक्टरांनी विचारले, “दुपारी फिरता का कुठे?” मी म्हणालो, “शेजारी.” त्यांनी मान डोलावली आणि उन्हाचा भ्रम डोक्यात गेल्याचे औषध लिहून दिले. पत्नीने मला आईच्या खोलीतच दुसऱ्या खाटेवर निजवले, तळपायांना कांदा चोळला आणि कपाळावर ओले फडके ठेवले. त्या दुपारी मी शेजारी गेलो नाही. आमचा कूलर पुन्हा चूल झाला.

ऐन उन्हात शेजारी कैरीच्या पन्ह्याचा तांब्या घेऊन माझी विचारपूस करायला आले. अनेक दिवसांनी त्यांच्या अंगातला बनियन कोरडा होता.

“सर आले न्हाईत म्हणून जिवाला चैन पडंना,” ते आईला म्हणाले आणि सवयीने खुर्ची ओढून कूलरच्या झोतात बसले. थोड्या वेळाने त्यांनी टोपी काढली. मग गळ्यातला रुमाल काढला. मग खुर्ची मागे सरकवली.

“मावशी, ह्यो कूलर तर गरम मारायलाय. सर, जाळी बदला ह्याची.”

“जाळी नवी हाय,” आई म्हणाली. “मोटर नवी हाय. पाती नवी हायत, रंग नवा हाय. हवा तेवढी तुमच्या घरची हाय.”

मी फडके कपाळावरून डोळ्यांपर्यंत खाली ओढले.

शेजारी उठले. त्यांच्या चपलांचा आवाज बोळात गेला, यंत्रासमोर थांबला. कूलरच्या जाळीपलीकडे त्यांचा पसरलेला पंजा आईला दिसला असावा, कारण ती म्हणाली, “भाजंल, हात काढा.” मग चपलांचा आवाज परत आला.

“मावशी, तुमाला कधीपासनं म्हाईत हाय हे?”

“पयल्या दिवसापासनं. तिकडं ते घरघर करायला लागलं की हिकडं मी भाजायले. मला काय कान न्हाईत? म्हणलं, बघू ह्यो कधी तोंड उघडतूया. मधी चार दिस बंद असायचं दुपारचं, तवा म्हणलं सांगितलं वाटतं.”

“बंद?” शेजारी म्हणाले. “ते तर सर येऊन बसायचे म्हणून. सांधे धरत्यात म्हणून मफलर बांधून…”

ते थांबले. 

“मफलर?” आई म्हणाली. “ह्या उन्हात?”

“आन् काढा प्यायचे. कढत. रोज.”

आईला हसू आले. हाड जुळून आलेले असले तरी जोराने हसायला अजून तिला भीती वाटे, म्हणून तिने मांडीवर हात दाबून धरला आणि तोंडात पदर कोंबला. “लहानपणी शाळेत मास्तरांनी ह्याच्या पायावर खुर्ची ठिवली हुती,” तिने शेजाऱ्यांना सांगितले. “तास सरूस्तवर बसला तसाच. घरी आला लंगडत. म्हणलं, सांगितलं का न्हाईस? तर म्हणतो, मास्तर शिकवायलते.”

“सर,” शेजारी माझ्या फडक्याकडे पाहून म्हणाले, “माझा जावई आठवडाभर घामानं भिजला. तुम्ही एक शब्द बोलला असता तर?”

फडक्याखालून उत्तर देणे तुलनेने सोपे असते असा मला तेव्हा शोध लागला. “संकोच वाटला,” मी म्हणालो.

यंत्र हलवायला त्यांची काहीच हरकत नव्हती. हरकत वास्तुशास्त्राची होती. त्यांनी तेथूनच तज्ज्ञांना फोन लावला आणि आम्हा सर्वांना ऐकू यावे म्हणून स्पीकरवर टाकला. तज्ज्ञ ठाम होते. अग्नी आग्नेयेतून हलवता येणार नाही. हलवल्यास जावयांच्या नोकरीवर परिणाम संभवतो. शेजारी हताश होऊन खुर्चीत बसले. मी घटनादुरुस्तीच्या काही तरतुदी मनात चाळून पाहत होतो, त्यांचा येथे उपयोग नव्हता.

“त्यांना इचारा,” आई म्हणाली, “आग्नेय काय जमिनीलाच आसती का? गच्चीवर नसती का?”

फोनमध्ये पाने चाळल्याचा आवाज आला.

“गच्चीवर चालंल,” तज्ज्ञ म्हणाले. “गच्चीवर तर उत्तमच. अग्नीची गतीच वर हाय. मी तेच सुचवणार होतो.”

त्याच आठवड्यात कारागीर आला आणि यंत्र त्याच कोपऱ्यावर, पण गच्चीवर, आकाशाकडे तोंड करून बसवून गेला. जावयांची नोकरी टिकली. ते परत जाताना माझ्या पाया पडायला आले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “मफलर छान आहे सर.” शेजाऱ्यांच्या दिलदारपणात मात्र अंतर पडले नाही. फक्त आता ते कुंपणावरून हाक मारतात तेव्हा पुढे जोडतात, “काही सांगायचं हाय का सर? बघा, असंल तर.”

धोंड्याचा महिना सरला त्या दिवशी भाऊ जीप घेऊन आला. जीपमध्ये मागे गादी अंथरलेली होती, उशी होती, पाण्याची कॅन होती. त्याने सारा विचार करून आणला होता. मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि कूलरच्या टाकीत नळी सोडून उभा राहिलो. मला आईला म्हणायचे होते की जाऊ नकोस. तेही छोटेच वाक्य होते.

“चल माय,” भाऊ म्हणाला. “कमोडाला गरम पाण्याचा नळ पण काढलाय बाजूला.”

“बस आधी जरा झोतात,” आई म्हणाली. “तापून आलायस.”

तो खुर्ची ओढून झोतात बसला. शर्टाची वरची बटणे त्याने सोडली. वालूरच्या बांधकामाविषयी सांगता सांगता त्याचे शब्द लांबत गेले, मान छातीवर उतरली, आणि थोड्या वेळात तो घोरू लागला. आईने मला खुणेने त्याच्या मानेखाली उशी सरकवायला सांगितली. उन्हे कलेपर्यंत आम्ही कोणी त्याला उठवले नाही.

तो जागा झाला तेव्हा दचकून म्हणाला, “माय, निघायचं ना?”

“तू नीघ. दिवस बुडंल.” आईने पायावरची चादर नीट केली. “आन् परत येशील तवा माझी वाकळ घेऊन ये. पेटीत हाय, खालच्या अंगाला. हितं थंडी लय पडती म्हणत्यात.”

भावाने वाकळीचा हिशोब मनात लावला. हिवाळा अजून फार लांब होता. “आन् कमोड?” त्याने विचारले.

“तू बसत जा.”

तो माझ्याकडे वळला. “काय रे, तुझं काय म्हणणं हाय?”

टाकी भरून पाणी काठावरून वाहू लागले होते. माझ्या ते लक्षातच आले नव्हते. मी नळी बाहेर काढली, फरशीवर सांडलेले पाणी फडक्याने टिपू लागलो आणि म्हणालो, “वाकळ आणच, अण्णा.”